हातात आलेले पैसे आणि खरा परतावा



मागच्या महिन्यात इंदूरला आत्याकडे गेले होते. सकाळचे पोहे-जलेबी आटोपले आणि आत्याने कपाटातून एक निळी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. "तू पैशांवर लिहितेस ना, मग हे बघ आणि सांग. सही करू का?"

आत एका बंद मुदतीच्या फंडाचा, म्हणजे क्लोज-एंडेड फंडाचा अर्ज होता. नियमित उत्पन्न देणारा, पाच वर्षांचा. आत्याला तो ओळखीचा वाटत होता, कारण काका गेल्यावर विम्याचे आलेले पाच लाख तिने २०१८ मध्ये अशाच एका फंडात ठेवले होते. "दर तीन महिन्यांनी सात हजारांच्या आसपास यायचे गं. एकदाही चुकले नाहीत."

मी विचारलं, "आणि शेवटी किती मिळाले?"

आत्या जरा थांबली. "चार लाख सत्तर हजार. पण मधे पैसे तर येतच होते ना?"

मंडळी, आजचा लेख आत्याच्या या प्रश्नावर आहे. तुमच्याही घरात कोणी ना कोणी असाच हिशेब करत असेल.

नावातच सगळं लिहिलं आहे

आधी म्युच्युअल फंडात ज्याला 'डिव्हिडंड' पर्याय म्हणत, त्याचं नाव सेबीने १ एप्रिल २०२१ पासून बदलायला लावलं. नवं नाव आहे 'इन्कम डिस्ट्रिब्यूशन कम कॅपिटल विथड्रॉवल'. मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे नाव वाचताना आधी शब्दांकडे लक्ष जातं. या नावाचा सरळ अर्थ असा, की उत्पन्नाचं वाटप आणि सोबत भांडवलाची उचल. म्हणजे बँक खात्यात आलेल्या सात हजारांत फंडाची कमाई असू शकते आणि तुम्ही स्वतः भरलेले पैसेही असू शकतात. शिवाय जितके पैसे वाटले जातात, तितकी युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, त्या दिवशी खाली येते.

अमेरिकेत तर १९४० च्या कायद्यानुसार, वाटलेली रक्कम फंडाच्या निव्वळ उत्पन्नाखेरीज दुसरीकडून आली असेल, तर ती कुठून आली हे गुंतवणूकदाराला लेखी कळवावं लागतं.

एक साधं गणित

समजा, तुम्ही १० लाख गुंतवले. फंड दरवर्षी ९० हजार रुपये वाटतो. ऐकायला ९ टक्के! पण फंडाची खरी कमाई वर्षाला ६ टक्केच आहे.

पहिल्या वर्षी कमाई ६० हजार आणि वाटप ९० हजार. उरलेले ३० हजार तुमच्या मुद्दलातून गेले. पुढच्या वर्षी मुद्दल ९ लाख ७० हजार, म्हणून कमाई आणखी कमी. असं चालू राहिलं तर दहा वर्षांनी तुमच्या हातात एकूण ९ लाख आलेले असतात आणि फंडात साधारण ६ लाख उरलेले असतात. पंधराव्या वर्षाच्या शेवटी उरतात ३ लाख. एकोणिसाव्या वर्षी तर पूर्ण ९० हजार द्यायलाही फंडात पैसे नसतात.

एवढ्या वर्षांत एकही हप्ता चुकला नाही, म्हणून तक्रार करावी असं कोणालाच वाटलं नाही. साठाव्या वर्षी सुरुवात केली, तर पैसे एकोणऐंशीच्या सुमारास संपतात. औषधांचा खर्च वाढतो तो नेमका त्याच वयात.

यात महागाई अजून धरलेली नाही. महागाई ६ टक्के असेल, तर बारा वर्षांनी त्या ९० हजारांत आजच्या ४५ हजारांएवढंच सामान येतं.

दार बंद म्हणजे किती बंद?

बंद मुदतीच्या फंडातून मुदतीआधी फंड कंपनीकडे पैसे परत मागता येत नाहीत. ही युनिट्स शेअर बाजारात नोंदलेली असतात, तिथे विकता येतात. पण आपल्याकडे त्यांना गिऱ्हाईक क्वचित भेटतं आणि भेटलं तर ते एनएव्हीपेक्षा कमी भाव देतं.

आत्याने हे अनुभवलंय. २०२० मध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा पैसे अडकलेले होते. बाजारात मिळणारा भाव ऐकून तिने फोन ठेवला आणि बाबांना लावला. स्वतःचे पाच लाख असताना धाकट्या भावाकडे पैसे मागायचे, हे तिला फार लागलं होतं.

मग असे फंड वाईटच का?

नाही. जगातला चांगला नमुनाही बघू. इंग्लंडमध्ये बंद भांडवलाचे फंड फार जुने आहेत. 'फॉरेन अँड कलोनियल' हा तिथला पहिला, १८६८ चा. तिथल्याच 'सिटी ऑफ लंडन इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट'ने १९६६ पासून दरवर्षी आपला लाभांश वाढवला आहे. गंमत म्हणजे मुळात ही बिअर बनवणारी कंपनी होती!

हे कसं जमतं? तिथल्या नियमानुसार असा ट्रस्ट एका वर्षाच्या उत्पन्नातला १५ टक्क्यांपर्यंतचा भाग राखून ठेवू शकतो. चांगल्या वर्षी थोडं बाजूला, वाईट वर्षी त्यातून खर्च. आपल्या आज्या धान्याच्या कोठीचं जे करायच्या, तेच. २०२० मध्ये अनेक ब्रिटिश कंपन्यांनी लाभांश कापले, तेव्हा हीच गंगाजळी कामाला आली. शिवाय दार बंद असल्यामुळे घाबरलेल्या लोकांना पैसे परत करण्यासाठी शेअर विकायची वेळ ट्रस्टवर येत नाही.

पण लक्षात घ्या, इथेही पैसा शेअर बाजारातच असतो. लाभांश वाढत राहिला तरी ट्रस्टच्या शेअरचा भाव २००८ आणि २०२० मध्ये पडला होताच. फरक इतकाच, की वाईट वर्षी वाटले ते आधी कमावून साठवलेले पैसे होते.

तुमचा हिशेब असा करा

कागद घ्या आणि चार आकडे लिहा. किती भरले, आजवर एकूण किती मिळाले, आज एनएव्हीप्रमाणे किती उरले आणि आज बाजारात विकलं तर प्रत्यक्ष किती हातात येतील. पहिले तीन आकडे तारखांसह मोबाइलमधल्या स्प्रेडशीटमध्ये भरून 'एक्सआयआरआर' हे सूत्र लावलं, की खरा वार्षिक परतावा कळतो. जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोरांना बसवा. वाटपाच्या पूर्ण रकमेवर तुमच्या टप्प्याप्रमाणे प्राप्तिकर लागतो, तोही वजा करा.

आत्याचा हिशेब आम्ही तिथेच केला. भरले पाच लाख. वीस हप्त्यांत मिळाले १ लाख ४० हजार. शेवटी मिळाले ४ लाख ७० हजार. तिच्या मते परतावा साडेपाच टक्क्यांच्या वर होता. खरा निघाला साधारण साडेचार टक्के. २०१८ मध्ये साध्या बँक ठेवीवर याहून जास्त मिळत होतं आणि ती ठेव गरजेला मोडताही आली असती.

आत्या बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझेच तीस हजार मला थोडे थोडे करून दिले, आणि मी खूश!"

त्या अर्जावर सही झाली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टात जाऊन ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची चौकशी करून आलो. तिथे दर तीन महिन्यांनी व्याज मिळतं आणि मुद्दल तसंच राहतं. एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के केला गेला. भरण्याआधी त्या तिमाहीचा दर मात्र विचारून घ्या. थोडे पैसे साध्या ठेवीत वेगळे ठेवायचे, हे आत्याने स्वतःच ठरवलं. दुसरा गुडघाही आता कुरकुरतोय, आणि यावेळी तिला बाबांना फोन करायचा नाही.

तुमच्या कपाटातही अशी एखादी फाइल असेल. या रविवारी ती काढा, आई-बाबांना सोबत घ्या आणि ते चार आकडे लिहा. भेटू पुढच्या लेखात!