मॅच अबूधाबीत, लोकल यार्डात आणि ऑफिस मात्र दहालाच

काल दसरा झाला. यंदा सोनं द्यायला कुणाकडे जाणं नाही, कुणी येणं नाही. आपट्याची पानं देवापुढे ठेवली आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसलो. मुंबई विरुद्ध राजस्थान. आधी हार्दिक पांड्यानं त्यांना धुतलं, मग बेन स्टोक्सनं शतक ठोकून आपल्याला धुतलं. ते असो, हरण्याबद्दल ही पोस्ट नाही.

मॅच अबूधाबीत. स्टेडियम रिकामं. पण चौकार गेला की टीव्हीतून हजारो लोकांचा आवाज येतो. रेकॉर्ड केलेला. हीच स्पर्धा २९ मार्चला आपल्या वानखेडेवर सुरू होणार होती. ती पुढे ढकलली आणि १९ सप्टेंबरला दुसऱ्या देशात सुरूही झाली. खेळाडूंचं क्वारंटाइन, सारख्या टेस्ट, हॉटेल ते मैदान एवढाच रस्ता, ज्याला 'बबल' म्हणतात ते सगळं उभं राहिलं. कौतुक आहे. मी रोज बघतो, खोटं कशाला बोलू.

पण मॅच संपता संपता साडेअकरा वाजत आले आणि मला आठवलं की सकाळी पावणेसहाला घर सोडायचंय.

मी डोंबिवलीत राहतो. फोर्टमधे एका छोट्या फर्मचे हिशेब बघतो. लोकलनं दारापासून टेबलापर्यंत दीड तास. २२ मार्चच्या रात्री लोकल थांबल्या. १५ जूनपासून पुन्हा सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. त्यात मी बसत नाही. आमच्या मालकांच्या मते मात्र मी अत्यावश्यक आहे, आणि ऑफिस दहाचं. मग आम्ही सतरा जण मिळून एका खासगी बसनं जातो. काटई नाका, शिळफाटा, पुढे ऐरोली, मग हायवे. चांगला दिवस असेल तर अडीच तास, नाहीतर साडेतीन. तेवढंच परत. महिन्याचा लोकलचा पास जेवढ्याला यायचा तेवढे पैसे दोन दिवसांत जातात.

माझं काम काय, तर टॅली, जीएसटी, बँकेची स्टेटमेंटं. सगळं कॉम्प्युटरवर. एप्रिल-मे-जून मी हेच काम घरून केलं, एक रिटर्न उशिरा गेलं नाही. जुलैत फोन आला, "आता या." का, तर माणूस डोळ्यांसमोर पाहिजे.

आता बायकोची गोष्ट. ती दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. दुकान उघडल्यापासून दोन महिने तिनंही बसचे हाल काढले. गेल्या बुधवारी, २१ तारखेला, महिलांना लोकलची परवानगी मिळाली. पण कधी? सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. दुकानात हजेरी साडेदहाची. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका हसल्या, म्हणाल्या, हे म्हणजे वाढलेलं ताट दिसतंय पण हात लावायचा नाही. बायकोनं शेठना फोन केला. ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे, सव्वाबारापर्यंत ये, आठला निघ. तसंही सकाळी गिऱ्हाईक कुठंय?"

झालं. एका फोनवर. बारा वर्षं ती त्या दुकानात साडेदहाला पोचण्यासाठी डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर जीव मुठीत घेऊन चढत होती. खांद्याला झटका बसला, एकदा मंगळसूत्र गेलं, एकदा गरोदरपणात तिसरी गाडी सोडून चौथीत चढली. आणि साडेदहाची वेळ ही अशी होती की एका फोनवर बदलली! परवा आली ती म्हणाली, खिडकीत बसून गेले. एवढंच म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय. कोरोनानं जग बदलणार, प्रवास बदलणार, काम बदलणार असं सहा महिने ऐकतोय. न्यू नॉर्मल वगैरे. पण डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलवाल्यांसाठी एकच बदल खरा, तो म्हणजे दहाचा टाइम. तो बदलला नाही तर लस येवो, लोकल सुरू होवो, आपण होतो तिथेच जाणार.

आणि होतो तिथे काय होतं हे विसरू नका. घरी बसून आपल्याला गर्दीचीसुद्धा आठवण यायला लागलीय, ग्रुपवर लोक जुन्या डब्यांचे फोटो टाकतायत. मुंबईच्या लोकलनं रोज ७५ लाखांच्या वर माणसं जायची. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. चार पावलांची जागा नाही ती! गेल्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, या रेल्वेमार्गांवर अडीच हजारांच्या वर माणसं मेली. रूळ ओलांडताना, दारातून पडून. तेव्हा कुठलीही साथ नव्हती. ते नॉर्मल होतं.

ऑफिसांच्या वेळा वेगवेगळ्या ठेवा ही मागणी प्रवासी संघटना वर्षानुवर्षं करतायत. उत्तर ठरलेलं, की व्यवहार्य नाही. अहो, याच वर्षी २९ फेब्रुवारीपासून राज्य सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला आणि ऑफिसची वेळ पावणेदहा ते सव्वासहा केली. म्हणजे एका आदेशानं घड्याळ सरकतं. फक्त सगळ्यांनी एकाच दिशेला सरकायचं हे डोकं कुणाचं, माहीत नाही. निम्मे आठला आणि निम्मे बाराला बोलावले असते तर?

आणि बदलत नाही म्हणजे काय? या वर्षी पंढरीची वारी बदलली! शेकडो वर्षं पायी चालणारी माणसं घरी थांबली आणि ३० जूनला संतांच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. माझी आई त्या दिवशी टीव्हीसमोर हात जोडून बसली होती, डोळ्याला पदर. पण वारकऱ्यांनी ऐकलं. पांडुरंगानंही चालवून घेतलं. दहाचा टाइम तेवढा कुणाचं ऐकत नाही.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, वर्क फ्रॉम होम आहे ना. आहे. ज्याचं जमतं त्याला द्यावंच, मला द्या, मी उद्यापासून घेतो. पण आमच्या शेजारचा आयटीतला मुलगा बघा. वन रूम किचन. आईवडील, बायको, दुसरीतली मुलगी. मुलीची शाळा मोबाइलवर, याची मीटिंग लॅपटॉपवर, दोघांना शांतता हवी. तो बाथरूमच्या पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसतो. सकाळी नऊला सुरू होतो, रात्री दहाला "एक कॉल आहे" म्हणतो. पूर्वी त्याचा प्रवासात वेळ जायचा, आता तो वेळ कंपनीला जातो. जागेचं भाडं कंपनीचं वाचलं, विजेचं बिल याचं वाढलं. शिवाय साडीचं दुकान, दवाखान्याची झाडलोट, हॉटेलातलं किचन, मेट्रोचं बांधकाम घरून होत नाही. डबेवाल्यांचंच घ्या. हजारो माणसं मार्चमध्ये गावाला गेली, मावळात, खेडला, जुन्नरला. आता या महिन्यात त्यांना लोकलची परवानगी मिळाली. पण जेवणारा घरी बसलाय, तर डबा पोचवायचा कुणाला?

थोडक्यात काय, ज्यांचं पोट गर्दीवर आहे त्यांना बबल नाही.

हे मला नीट कळलं ते माझ्या पुतण्यामुळे. चुलतभावाचा मुलगा, वीस वर्षांचा, कोल्हापुरात तालमीत होता. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. तिकडे जत्रांचा आणि कुस्त्यांच्या मैदानांचा मुख्य हंगाम चैत्रापासून. यंदा गुढीपाडवा २५ मार्चला, आणि देशाचा लॉकडाउनही त्याच दिवसापासून. एकही मैदान झालं नाही. गावाची वर्गणी नाही, हलगी नाही, इनाम नाही. पोरांच्या रेवड्यांच्या कुस्तीपासून एक नंबरच्या जोडीपर्यंत सगळं बंद. हा पोरगा त्या दोन-अडीच महिन्यांत वर्षाच्या खुराकाचे निम्मे पैसे मिळवायचा. दूध, बदाम, तूप, मटण, स्वस्त काही नसतं. उरलेले निम्मे बाप ऊस विकून घालायचा.

तालीम बंद झाली, वस्तादांनी सगळ्यांना घरी पाठवलं. हा सात महिने गावात आहे. आता ट्रॅक्टरवर जातो. काल दसऱ्यापासून आपल्याकडे जिम उघडल्या, म्हणून मी उत्साहानं फोन केला. तो म्हणाला, "काका, जिममधे अंतर ठेवून डंबेल मारता येतात. कुस्ती अंतर ठेवून कशी धरू?" आणि वर हसला.

क्रिकेट रिकाम्या मैदानात चालतं, कारण त्याचा पैसा टीव्हीवरून येतो. प्रेक्षक नसला तर आवाज मागून भरता येतो. टोकियोचं ऑलिम्पिकही एक वर्ष पुढे गेलं, पुढच्या वर्षी लोकांविना का होईना करायचं म्हटलं तर करतील. गावच्या मैदानाचा पैसा मात्र तिथे मातीच्या कडेला बसलेल्या माणसाच्या खिशात असतो. तो नाही तर इनाम नाही, आणि इनाम नाही तर पैलवान नाही. वीस-बाविसाव्या वर्षी वर्षभर माती सुटली, खुराक सुटला, की अंग उतरतं. ते परत येतंच असं नाही. अशी किती पोरं या वर्षात कुस्तीतून गेली याची नोंद कुठे होणार नाही. लोक त्याला खेळात झालेला बदल म्हणणारही नाहीत. क्रिकेटमध्ये चेंडूला थुंकी लावायची की नाही यावर मात्र तासभर चर्चा.

मुंबईत १८९६ साली मांडवीत प्लेग आला तेव्हाही हे शहर असंच रिकामं झालं होतं. लोक गावाकडे पळाले, स्टेशनांवर तपासण्या सुरू झाल्या. १८९७ चा साथरोग कायदा तेव्हाचा, जो आपल्यावर या मार्चमध्ये लागू झाला. पुढे १८९८ मध्ये सुधारणा ट्रस्ट आला. त्यांनी दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनीतल्या झाडांखालून चालताना कुणाला वाटत नाही की हे प्लेगनंतरचं आहे. म्हणजे साथ जाते आणि त्या काळात घेतलेले निर्णय शंभर वर्षं राहतात. पण त्याच ट्रस्टनं ज्या गरिबांची घरं पाडली त्यांच्यासाठी तेवढी बांधली नाहीत, ते दुसऱ्या गल्लीत आणखी दाटीनं राहिले. त्यांना विचारलं कुणी होतं? आताचे निर्णयही असेच होतायत. लोकलमध्ये कोण बसणार हे ठरवणाऱ्या खोलीत नालासोपाऱ्याचा एकतरी माणूस आहे का? जुलैमध्ये तिथले लोक रुळांवर उतरले ते हौसेनं नाही. एसटी मिळत नव्हती आणि कामावर पोचायचं होतं.

वेळा बदलण्याचे तोटे मला माहीत आहेत. बाराची शिफ्ट म्हणजे बाई रात्री दहाला स्टेशनवर उतरणार, तिथून रिक्षा आहे का, रस्त्यावर दिवे आहेत का, हे बघावं लागेल. पाळणाघरं सहाला बंद होतात. काही मालक "लवचिक वेळ" म्हणून बारा तास राबवतील, ते तर आत्ताच करतायत. माझी बायकोही परवा घरी यायला साडेनऊ झाले, मुलांना मी जेवायला वाढलं (आमटी खारट झाली होती, ते त्यांनी सगळ्या नातेवाइकांना कळवलंय). हे सगळं सोडवावं लागेल. पण चौदा माणसं एका चौरस मीटरमध्ये उभी करण्यापेक्षा ते सोपं आहे.

आज ना उद्या लोकल सगळ्यांसाठी उघडेल. ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी सगळी ऑफिसं "या" म्हणतील, आणि सगळी दहालाच म्हणतील. त्याच्या आधी काही झालं तर झालं.

मी आज बसमधून उतरल्यावर मालकांना सरळ विचारलं, लोकल मिळायला लागली की मला सात ते तीन करा, नाहीतर तीन दिवस घरून द्या. ते म्हणाले, दिवाळीनंतर बघू. नाही म्हणाले नाहीत.

तुम्ही एक करा. खाली फक्त तीन गोष्टी लिहा, तुमचं स्टेशन, ऑफिसचं ठिकाण आणि हजेरीची वेळ. कंपनीचं नाव नको. शंभर-दोनशे जणांचं जमलं तरी मी यादी करून आपल्या प्रवासी संघटनेकडे आणि आमदारांच्या ऑफिसात स्वतः नेऊन देतो. सुरुवात मीच करतो. डोंबिवली, फोर्ट, दहा वाजता.