पूर्ण न वाचलेल्या कादंबऱ्यांचा आदर

मराठीच्या अध्यापकवर्गात एक विचित्र शिष्टाचार रूढ आहे. अमुक कादंबरी माझ्याच्याने पुढे वाचवेना, असे कोणी म्हणत नाही. ती 'आव्हानात्मक' असते, 'वाचकाकडून संयमाची अपेक्षा करणारी' असते, नाहीतर तिचे 'पुनर्वाचन सुरू' असते. मी चंद्रपुरात मराठी शिकवतो आणि हा शिष्टाचार मीही पुष्कळ वर्षे निमूटपणे पाळला आहे. त्याने वाङ्मयाचे नुकसानच होते, असे माझे आता मत झाले आहे.

तेव्हा आधी कबुली. खांडेकरांची 'ययाति' मी दोनदा हाती घेतली आणि दोन्ही वेळा सोडली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कथा सांगतात. पण निवेदक बदलला तरी आवाज बदलत नाही. तिघांच्याही तोंडी त्याच उपमा, तीच सुभाषिते. या कादंबरीच्या लेखकाला १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले, हे मला ठाऊक आहे. पुरस्काराने माझा कंटाळा कसा दूर व्हावा, ते मात्र ठाऊक नाही. 'मृत्युंजय' सोळाव्या वर्षी रात्र जागून वाचली, रडलोही; चाळिशीत पन्नास पानांपुढे जाता आले नाही. यातला खरा वाचक कोणता, याचा निवाडा मी करू शकलेलो नाही.

'कोसला' तीनदा वाचली आणि पुन्हा वाचीन. नेमाड्यांचीच 'हिंदू' (२०१०) मात्र निम्म्यावर अडकून पडली आहे. मोहेंजोदडोचा आरंभ मला खेचून घेऊन गेला. पुढे प्रथा, जाती, नाती, म्हणी यांची आवक एवढी वाढते की खंडेराव माणूस न राहता वखारीचा कारकून वाटू लागतो. शीर्षकातच 'अडगळ' म्हणून ठेवले की पसाऱ्याविषयी तक्रार करायची सोय उरत नाही. हा अटकपूर्व जामीनच झाला. गंमत अशी की 'टीकास्वयंवर'मध्ये ज्याने कोणाचीही भीड बाळगली नाही, त्याच लेखकाविषयी बोलताना त्याचे चाहते दरबारी होतात.

याउलट उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०). एका उन्हाळी दुपारी, पंचेचाळीस अंशांच्या चंद्रपुरात, कूलर बंद पडलेला असताना ती सुरू केली आणि दिवेलागणीनंतर संपवली. कौतिकच्या कष्टांना लेखक कुठे तत्त्वज्ञानाची झालर लावत नाही. महादेवच्या नाकर्तेपणावर तो चिडत नाही आणि त्याच्या रोगाचे भांडवलही करत नाही. संवादांतली वऱ्हाडी सजावटीसाठी आलेली नाही. तिच्याशिवाय ती माणसे बोलूच शकली नसती. आमची झाडीबोली वऱ्हाडीहून निराळी, तरीही घरचे कोणी बोलते आहे असे वाटले.

असो. माझी आवडनिवड महत्त्वाची नाही. ती बोलून दाखवण्यावरचा अघोषित निर्बंध महत्त्वाचा आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून मंडळ्या गावोगाव जातात, नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. तिथला प्रेक्षक कंटाळला की घोंगडे झटकून उठतो. 'तुझे आकलन अपुरे' असे त्याला कोणी ऐकवत नाही. दुसऱ्या दिवशी मंडळीच विचार करते की दुसरा अंक कुठे पडला. कादंबरीच्या वाचकाला एवढाही मान आपण देत नाही.

अशाने विद्यार्थी आळशी होतील, ही भीती मला अनेकांनी घातली आहे. ते आजही आळशीच आहेत, फक्त गाईड वाचून सश्रद्ध उत्तरे लिहितात. मी त्यांना एवढेच विचारतो: कोणत्या पानावर सोडलीस आणि त्या पानावर काय होते? याचे उत्तर द्यायला तिथपर्यंत नीट वाचावे लागते.

आता ज्या पुस्तकाविषयी बोलायला मला सर्वांत अवघड जाते, ते. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पात आयुष्य घालवलेल्या विलास मनोहरांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. आमच्याच जंगलाची, माडियांची कादंबरी. मी ती एका बैठकीत वाचली, तिने मला अस्वस्थ केले, आणि वर्गात मी तिच्याविषयी आदरानेच बोलत आलो. लेखकाच्या आयुष्याविषयीचा आदर आणि पुस्तकाविषयीचे मत यांत मी फरक केला नाही. केला असता तर एक साधा प्रश्न विचारावा लागला असता: माडिया ही द्राविडी कुळातली भाषा, ती बोलणारा माणूस मराठीत विचार करताना दाखवला की त्याच्यातले काय गळून पडते?

हा प्रश्न मला सुचला नाही, भामरागडकडच्या एका विद्यार्थ्याला सुचला. मीच त्याला पुस्तक दिले होते. परत करताना व्हरांड्यात तो सहज म्हणाला की संवाद तो मनात माडियात उलटवून वाचत होता. काही उलटले, काही उलटेनात, आणि जे उलटले नाहीत तिथे त्याने पाने गाळली. कोणती पाने, हे मी विचारले नाही. महिनाभराने अंतर्गत परीक्षेत आवडत्या कादंबरीवर निबंध होता. त्याने हीच निवडली आणि लिहिले, 'आदिवासी जीवनाचे वास्तव व भेदक चित्रण'. गाळलेल्या पानांचा उल्लेख कुठेही नव्हता. मी त्याला वीसपैकी पंधरा गुण दिले.