मते मिळाली, मान्यता का नाही?

वंचित बहुजन आघाडीने कुणाची मते खाल्ली, हा प्रश्न २०१९ पासून आमच्या औशाच्या चहाच्या टपरीपासून मुंबईच्या वाहिन्यांपर्यंत सगळीकडे विचारला जातो. जणू काही ही मते कुणाच्या तरी सातबाऱ्यावर नोंदलेली होती आणि ती आम्ही रातोरात कापून नेली! प्रस्थापितांनी हा प्रश्न विचारावा, त्यात नवल नाही. परंतु आंबेडकरी कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे. इतकी मते मिळूनही पक्ष राज्यस्तरीय मान्यतेपर्यंत का पोचला नाही? आणि मिळालेली मते पाच वर्षांत गेली कुठे? या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर नांदेड-लातूरसारखी दुसरी जागा नाही. कारण हा पक्ष ज्या विचारातून उभा राहिला, त्याला एकट्या नांदेड जिल्ह्याने तीन वेळा हात दिला आहे.

पहिली वेळ १९५७ ची. १४ ऑक्टोबर १९५६ ला धर्मांतर झाले आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला होता. मराठवाडा नुकताच, १ नोव्हेंबर १९५६ ला, निजामी हैदराबादच्या जुन्या चौकटीतून सुटून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. अशा दुःखाच्या दिवसांत अवघ्या काही महिन्यांत निवडणूक आली आणि नांदेडमधून शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे हरिहरराव सोनुले लोकसभेवर निवडून गेले. तेव्हा नांदेड द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. ज्या मराठवाड्यात आमच्या माणसाला पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हते, तिथून बाबासाहेबांच्या पक्षाचा माणूस दिल्लीला गेला. ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे काय झाले? ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि दोन वर्षांतच 'दुरुस्त-नादुरुस्त' असा वाद घालून नेते वेगळे झाले. तरीही कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. १९६४-६५ मध्ये तर देशभर लाखो माणसे जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्यात बौद्धांबरोबर इतर जातींचे भूमिहीनही होते, हे आपण विसरतो. रिपब्लिकन पक्षाचा खरा उत्कर्षकाळ तोच होता. कारण तेव्हा पक्षाच्या हाती पोटाचा प्रश्न होता. १९६७ च्या जिल्हा परिषद निवडणुकांत काँग्रेसशी समझोता झाला आणि तिथून पुढे पक्षाची वाट रानातून निघून बंगल्याकडे वळली. गट वाढले आणि मतदार घटले.

मधल्या काळात मराठवाड्याने नामांतराचा वणवा पाहिला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत आमची घरे पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे आणि जनार्दन मवाडे यांचे बळी गेले. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडातच गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षांच्या या लढ्याने समाजाला स्वाभिमान दिला, परंतु गावागावांत आम्हाला एकटेही पाडले. मोठ्या जातीचा शेतकरी एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला आणि मधला धनगर, वंजारी, बंजारा, माळी, मुसलमान गप्प. या मधल्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय सत्तेची गुरुकिल्ली हाती येणार नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांत अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर आघाडीवर होते.

म्हणून दुसरी वेळ १९९३ ची. त्या साली आमचा औसा तालुका किल्लारीच्या ढिगाऱ्याखालून आपली माणसे काढत होता. त्याच साली नांदेड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, किनवटच्या पोटनिवडणुकीत, बहुजन महासंघाचे भीमराव केराम हे आदिवासी कार्यकर्ते आमदार झाले. बौद्ध, आदिवासी आणि बंजारा एका निशाणीवर शिक्का मारू शकतात, हे किनवटने दाखवून दिले. त्यातूनच १९९४ मध्ये भारिप बहुजन महासंघ आकाराला आला. मखराम पवार यांच्यासारखा बंजारा नेता त्यात अग्रभागी होता. १९९९ मध्ये आमच्याच लातूर जिल्ह्याच्या विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात मखराम पवार मंत्री झाले.

त्याआधी १९९८ मध्ये रिपब्लिकन ऐक्यातून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघे खासदार झाले, तेही खुल्या मतदारसंघांतून. परंतु तिथे काँग्रेसचा हात पाठीशी होता. तो निघाला आणि ऐक्यही निघाले. किनवटचा आणि १९९८ चा फरक इथेच आहे. एकीकडे आपण जाती जोडल्या होत्या, दुसरीकडे आपल्याला जागा सोडल्या गेल्या होत्या.

तिसरी वेळ २०१९ ची. २० मे २०१८ ला पंढरपुरात धनगर समाजाच्या मेळाव्यातून वंचित बहुजन आघाडीची हाक दिली गेली. २ ऑक्टोबर २०१८ ला औरंगाबादच्या जबिंदा मैदानावर एमआयएमसोबत विराट सभा झाली. मार्च २०१९ मध्ये भारिप बहुजन महासंघ या नव्या पक्षात विलीन करण्याचे जाहीर झाले आणि लगेच लोकसभा आली. पक्षाचे वय महिन्यांत मोजावे असे. तिजोरी रिकामी. निशाणी कपबशी. तरीही राज्यात सुमारे ३७ लाख मते पडली, म्हणजे जवळपास ७ टक्के. नांदेडमध्ये धनगर समाजाचे प्रा. यशपाल भिंगे यांना १ लाख ६६ हजार मते मिळाली आणि अशोक चव्हाण ४० हजारांनी पडले. लातूरच्या राखीव जागेवरही वंचितला लाखावर मते पडली. सांगलीत गोपीचंद पडळकरांना ३ लाख मते मिळाली. औरंगाबादेत मित्रपक्षाचे इम्तियाज जलील निवडून आले.

आता इथे कायद्याची एक बाब समजून घेतली पाहिजे. १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशाप्रमाणे राज्यस्तरीय पक्षाची मान्यता मिळण्याचे काही मार्ग आहेत. लोकसभेला ६ टक्के मते आणि एक खासदार. किंवा विधानसभेला ६ टक्के मते आणि दोन आमदार. किंवा एकही जागा नसली तरी ८ टक्के मते. वंचितला लोकसभेला मतांची ६ टक्क्यांची अट सहज पूर्ण करता आली. कमी पडला तो एक खासदार. अकोला आणि सोलापूर या दोन्ही ठिकाणी स्वतः बाळासाहेब पडले. जलील निवडून आले, पण त्यांच्या पक्षाच्या चिन्हावर. म्हणजे ३७ लाख मते असूनही पक्ष कायद्याच्या लेखी 'नोंदणीकृत, अमान्यताप्राप्त'च राहिला. याचा परिणाम वस्तीतल्या म्हातारीला विचारा. लोकसभेला कपबशी, सहा महिन्यांनी विधानसभेला गॅस सिलिंडर, २०२४ ला प्रेशर कुकर, मग पुन्हा सिलिंडर. पंजा, कमळ आजीला डोळे मिटून ओळखता येते. आमच्या कार्यकर्त्याचा प्रचाराचा अर्धा वेळ मात्र यंदाची निशाणी कोणती हे सांगण्यात जातो.

मान्यता नसल्याने चिन्ह टिकत नाही, चिन्ह नसल्याने मते टिकत नाहीत आणि मते नसल्याने मान्यता येत नाही. या फेऱ्यातून बाहेर कसे पडायचे?

काहीजण म्हणतात, मोठ्या पक्षाशी युती करा. युतीला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु युती ताकदीवर होते, विनवणीवर होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेशी युती जाहीर झाली, ती मार्च २०२४ मध्ये तुटली. २०२४ च्या लोकसभेत आमच्याच समाजाने संविधान वाचवायचे म्हणून मोठ्या प्रमाणात महाविकास आघाडीला मते दिली. मतदार चुकला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याने आपल्या अकलेने मत दिले. नांदेडची वंचितची मते १ लाख ६६ हजारांवरून सुमारे ९२ हजारांवर आली. अकोल्यात बाळासाहेबांना पावणेतीन लाखांवर मते पडूनही ते तिसरे राहिले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत एकही जागा आली नाही.

दुसरे काही म्हणतात, आपली माणसे गद्दार निघाली. याची यादी मोठी आहे, हे खरे. किनवटचे केराम २०१९ मध्ये भाजपचे आमदार झाले. पडळकर त्याच वर्षी भाजपत परतले. भिंगे यांचे नाव २०२० मध्ये राष्ट्रवादीच्या विधान परिषदेच्या यादीत आले. परंतु केवळ शिव्या देऊन काय होणार? निवडणूक संपल्यावर त्या माणसाला पक्षात काम काय होते? त्याच्या समाजाच्या तांड्यावर, वाडीवर पक्षाची शाखा होती काय? नव्हती. माणूस जिथे बसायला जागा असते तिथे जातो. जागा आपण केली नाही.

मग जागा कुठे झाली? अकोल्यात. २०१९ च्या ऑक्टोबरात विधानसभेला वंचितला राज्यात भोपळा मिळाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२० मध्ये, अकोला जिल्हा परिषदेत वंचितच सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि अध्यक्षपदही त्याच्याकडे गेले. हा चमत्कार नव्हता. तिथे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी पायरी पायरीने बांधलेली पस्तीस-चाळीस वर्षांची मेहनत आहे. घरकुलाची यादी, विहिरीचा अर्ज, शाळेची खोली यासाठी माळी, कुणबी, धनगर, मुसलमान आमच्या सदस्याकडे येतो. म्हणून तो मतदानालाही येतो. मराठवाड्यात मात्र आपण सभा अकोल्यापेक्षा मोठ्या घेतल्या आणि शाखा त्याहून लहान ठेवल्या.

आता औशाचे सांगतो. आमचा तालुका लातूर जिल्ह्यात, पण लोकसभेला धाराशिव मतदारसंघात. ती लोकसभा २००८ पर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होती. पुनर्रचनेनंतर लातूरची जागा राखीव झाली. एवढी वर्षे या दोन शेजारी मतदारसंघांतून राखीव जागेवर काँग्रेस, शिवसेना, भाजप यांचेच खासदार गेले. बाबासाहेबांच्या विचाराचा स्वतंत्र पक्ष गेला नाही. राखीव जागा माणूस देते, पक्ष देत नाही. पक्ष आपल्यालाच उभा करावा लागतो.

२०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा गावोगाव निघाल्या. तालुक्यातील एक वृद्ध गायरानधारक नोटीस घेऊन माझ्याकडे आले. सोबत जुन्या दंडाच्या पावत्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या. म्हणाले, "वकीलसाहेब, मतदानाला पोरं जीप घिऊन आली व्हती. आता कुनी येतंय का?" मी त्यांना कायदा समजावून सांगितला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपालसिंग निकालात गावाची सामाईक जमीन मोकळी करा म्हटले, परंतु भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवादही ठेवला. त्यासाठी गाव नमुना एक-ई मध्ये नोंद लागते, पंचनामा लागतो, ते ज्या पावत्या घेऊन आले होते त्या लागतात. हे सर्व सांगितले. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

जुलै २०२३ मध्ये वंचितने गायरानाच्या प्रश्नावर मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, हे योग्यच झाले. दादासाहेबांच्या भूमिहीन सत्याग्रहाशी नाते सांगणारा तो मोर्चा होता. परंतु मोर्चा परत आल्यावर तहसील कार्यालयात एक-ईचा उतारा कोण काढणार? गायरान कसणाऱ्यांत आमच्याबरोबर मातंग आहेत, पारधी आहेत, बंजारा, धनगर आणि मुसलमानही आहेत. किनवटमध्ये जी माणसे एका निशाणीवर आली, तीच माणसे आज एका नोटिशीवर आली आहेत. तहसीलदाराच्या दारात ती रांगेने उभी आहेत, आणि तिथे आपल्या पक्षाचा कार्यकर्ता नाही.

म्हणून तालुक्यातल्या कार्यकर्त्यांपुढे माझे तीनच मुद्दे आहेत. पहिला, प्रत्येक गावच्या गायरानधारकांची फाइल तयार करा, जात न विचारता. दुसरा, ग्रामपंचायत आणि पंचायत समितीच्या राखीव जागांवर लढणाऱ्यांची जात वैधता प्रमाणपत्रे आधीच काढून ठेवा. मुदतीत प्रमाणपत्र न दिल्याने निवडून आलेला सदस्य घरी जातो, आणि त्यात सर्वाधिक नुकसान गरीब जातींचेच होते. तिसरा, मतदार यादी निवडणुकीच्या महिन्यात नव्हे, दरवर्षी तपासा. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे नाव कापले गेले की नाही हे पाहणारा आपला माणूस प्रत्येक वस्तीत हवा.

यात भाषण नाही, फलक नाही, फोटोही नाही. १९५७ ला नांदेडने बाबासाहेबांच्या पक्षाचा खासदार दिला, १९९३ ला किनवटने आमदार दिला, २०१९ ला लाखो मते दिली. मतदाराने तीनदा आपले काम केले. दोन निवडणुकांच्या मधले काम मात्र कार्यकर्त्याचे आहे. ते केले तर मान्यता मागायला निवडणूक आयोगाच्या दारात जावे लागणार नाही, आकडेच ती देतील. आणि तो पिशवीवाला म्हातारा पुन्हा आला, तर "होय, बाबा, पोरं येतील," असे मला सांगता येईल.

जयभीम!