रोबोटच्या बोटांना स्पर्श कळू लागला. आपल्या मुलांच्या हातांचं काय?

मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांच्या जाहिरातीत ‘रोबोटिक सर्जरी’ हे शब्द आता सर्रास दिसतात. घरात कुणाला प्रोस्टेटचं, किडनीचं किंवा गर्भाशयाचं ऑपरेशन सांगितलं, की नातेवाइकांत वाद सुरू होतो. डॉक्टरांच्या हातून करायचं की रोबोटकडून? मामू म्हणतात मशीन चुकत नाही, फुफी म्हणतात मशीनचा काय भरवसा. खरं तर हा प्रश्नच मुळात चुकतो. हे यंत्र स्वतःहून काहीच कापत नाही की शिवत नाही. ऑपरेशन डॉक्टरच करतात, फक्त त्यांचे हात रुग्णाच्या पोटाजवळ नसतात.

या क्षेत्रात अलीकडे एक मोठा बदल झाला. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने ‘दा विंची ५’ या नव्या शस्त्रक्रिया यंत्राला परवानगी दिली. आत अवजाराच्या टोकावर किती जोर पडतोय, हे या यंत्रात डॉक्टरांच्या बोटांना जाणवू शकतं. त्याला ‘फोर्स फीडबॅक’ म्हणतात.

बातमी दूरची वाटेल, पण ती दोन वाटांनी आपल्या घरापर्यंत येते. एक वाट दवाखान्याची, दुसरी मुलांच्या शिक्षणाची. दोन्हीकडे मुद्दा एकच आहे. हाताला जे कळतं, ते पुस्तकातल्या ज्ञानापेक्षा कमी दर्जाचं आहे असं आपण समजतो. आणि नेमकं तेच ज्ञान यंत्रात आणायला जगातल्या हुशार लोकांना दोन तपं लागली.

डोळ्यांच्या भरवशावर चाललेलं काम

दा विंचीच्या पहिल्या यंत्राला एफडीएची परवानगी २००० साली मिळाली. त्याची रचना अशी. डॉक्टर थोड्या अंतरावर एका मेजापाशी बसतात, दोन भिंगांतून पोटाच्या आतलं त्रिमितीय चित्र पाहतात आणि बोटांत दोन मुठी धरून हात हलवतात. तशीच हालचाल रुग्णाच्या पोटातली बारीक अवजारं करतात. हाताचा कंप यंत्र गाळून टाकतं. हात तीन सेंटिमीटर हलला तर आतलं टोक एकच सेंटिमीटर हलेल, अशीही सोय असते.

सगळं होतं, फक्त स्पर्श नव्हता. उघड्या ऑपरेशनमध्ये सर्जन बोटाने चाचपून सांगतात, इथे गाठ आहे, इथे नस धडधडते. यंत्रावर बसल्यावर ही जाण जवळजवळ बंद व्हायची. टाका आवळताना दोरा किती ताणला गेला, हे दोऱ्याकडे आणि मांसाच्या बदलत्या रंगाकडे बघून ओळखायचं. अनुभवी सर्जन हे शिकले, पण नवख्याच्या हातून दोरा तुटायचा धोका असायचा.

मग हा स्पर्श आधीच का दिला नाही? कारण स्पर्श हा डोळ्यांसारखा एकमार्गी नाही. डोळा फक्त घेतो. हात एकाच वेळी दाबतो आणि दाब घेतोही. सिनेमाच्या पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकली की डोळ्याला हलतं दृश्य दिसतं. बोटाला मात्र कठीण भिंत खरी वाटायची असेल, तर यंत्राला सेकंदाला साधारण १००० वेळा हिशेब करून उत्तर द्यावं लागतं. त्यात जरा उशीर झाला की मूठ थरथरू लागते. त्यात अवजार अवघं आठ मिलिमीटर जाडीचं. त्याच्यावरचा सेन्सर रक्तात भिजणार आणि नंतर उकळत्या वाफेतून निर्जंतुक होऊन पुन्हा वापरला जाणार.

सप्टेंबर २००१ मध्ये फ्रेंच सर्जन जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका महिलेचं पित्ताशय काढलं. ते ‘झ्यूस’ नावाचं दुसरं यंत्र होतं. अटलांटिकपलीकडे हालचाल जाऊन चित्र परत यायला सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका वेळ लागायचा. डोळ्यांनी तेवढा उशीर सांभाळून घेतला. बोटांना तो चालला नसता.

आपल्याला देणगीत काय मिळालंय, याचा अंदाज यावरून यावा. एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारी सुमारे १७,००० मज्जातंतूंची टोकं असतात. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि बैरूतमध्ये जन्मलेले आर्डेम पॅटापुटियन यांना मिळालं, ते तापमान आणि स्पर्श शरीराला कसा कळतो हे शोधल्याबद्दलच.

अंगुस्तानातून आलेला शोध

यंत्राला स्पर्श देण्याची ही धडपड जुनी आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केनेथ सॅलिसबरी नावाच्या तरुण संशोधकाने स्टॅनफर्डमध्ये तीन बोटांचा एक यांत्रिक हात बनवला. प्रत्येक बोटाला तीन सांधे, आणि ते ओढायला आपल्या शिरांसारख्या तारा. वस्तू फक्त पकडायची नाही, तर बोटांत फिरवायची, हे त्याचं उद्दिष्ट होतं. त्यासाठी आपली बोटं पेन्सिल कशी फिरवतात, किती जोर लावतात, कुठे सैल सोडतात, याचं गणित आधी मांडावं लागलं.

पुढे सॅलिसबरी एमआयटीत गेले. तिथे १९९३ मध्ये थॉमस मॅसी या पदवीच्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी ‘फँटम’ नावाचं उपकरण तयार केलं. एका छोट्या यांत्रिक हाताच्या टोकाला शिंप्याच्या अंगुस्तानासारखी टोपी. त्यात बोट घालायचं आणि हवेत फिरवायचं. कॉम्प्युटरमध्ये एक चेंडू आहे असं ठरवलं असेल, तर बोट तिथे पोचताच मोटरी बोटाला अडवतात. समोर काहीच नसतं, पण चेंडूचा गोलवा बोटाला कळतो. अशाच उपकरणांवर पुढे शिकाऊ डॉक्टरांना सुई टोचण्याचा आणि दातांच्या डॉक्टरांना दात कोरण्याचा सराव देता येऊ लागला. मॅसीने या शोधावर कंपनी काढली, आणि नंतर तो २०१२ मध्ये निवडणूक जिंकून अमेरिकेच्या संसदेत गेला. सॅलिसबरी यांनी पुढे दा विंची बनवणाऱ्या इंट्यूटिव्ह कंपनीसाठीही काम केलं.

यात आम्हाला शिक्षक म्हणून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या लोकांकडे गणित होतं, तसाच तार ओढून, मोटर बसवून, बिघडलं की पुन्हा खोलून बघणारा हातही होता.

दवाखान्यात काय विचारायचं?

आता पहिली वाट. नव्या यंत्रात स्पर्श आला म्हणजे ‘रोबोटिक’ लिहिलेल्या प्रत्येक हॉस्पिटलात तो आला, असं नाही. जुन्या पिढ्यांची यंत्रंही वापरात आहेत. गुरुग्रामच्या एसएस इनोव्हेशन्स कंपनीचं ‘एसएसआय मंत्रा’ हे देशी यंत्रही आता आलं आहे. त्यामुळे कोणतं यंत्र आहे हे जरूर विचारा, पण त्याआधी सर्जनबद्दल विचारा.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये प्रोस्टेटच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनंतर लघवीवरचं नियंत्रण रोबोटिक आणि उघड्या ऑपरेशनमध्ये सारखंच दिसलं. रोबोटमध्ये रक्तस्राव मात्र कमी होता. म्हणजे फायदा आहे, पण जादू नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं प्रकरण जास्त गंभीर आहे. २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात दुर्बिणीने किंवा रोबोटने गर्भाशय काढलेल्या महिलांमध्ये कॅन्सर परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा जास्त निघालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये एफडीएनेही कॅन्सरच्या रोबोटिक शस्त्रक्रियांबद्दल सावधगिरीची सूचना काढली. छोटा छेद म्हणजे कमी धोका, हे समीकरण प्रत्येक आजाराला लागू होत नाही.

म्हणून डॉक्टरांना अदबीने पण स्पष्ट विचारा: याच आजारासाठी अशी किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः केलीत? उघड्या किंवा साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा माझ्या रुग्णाला नेमका काय फायदा? मधेच यंत्र थांबलं तर काय करणार? आणि एकूण बिलात यंत्राचा खर्च किती? या यंत्रांच्या अवजारांना ठरावीक वापरांची मर्यादा असते. ती संपली की नवीन घ्यावी लागतात, आणि तो खर्च शेवटी बिलात येतो. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेला विम्यातून सरसकट वगळायला मनाई केली, पण कंपन्यांना रकमेची मर्यादा घालता येते. पॉलिसीच्या कागदात ती मर्यादा किती आहे, हे भरती होण्याआधीच बघा. दागिने गहाण ठेवायची वेळ आल्यावर ते कळून उपयोग नाही.

अल-जझरींचं नाव घेताना

दुसरी वाट मुलांची. आपल्याकडे विज्ञानाचा विषय निघाला की अल-जझरींचं नाव हमखास येतं. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकिरच्या दरबारात ते काम करायचे. १२०६ मध्ये त्यांचा यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण झाला. त्यात हात धुण्याचं मोराच्या आकाराचं एक यंत्र आहे. वापरलेल्या पाण्याची पातळी वाढली की आतला तरंगता गोळा वर येतो आणि एक बाहुला साबण घेऊन बाहेर येतो. पाणी आणखी वाढलं की दुसरा बाहुला टॉवेल घेऊन. म्हणजे यंत्राला पाणी ‘कळतं’ आणि ते उत्तर देतं. आजच्या फीडबॅकची कल्पना ती हीच.

पण जलशात अल-जझरींचं नाव घेऊन टाळ्या वाजवायच्या आणि घरी आल्यावर पोराला सांगायचं, ‘नीट अभ्यास कर, नाही तर गॅरेजला टाकीन’, हे कसं चालेल? पालकसभेत हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो. अल-जझरी स्वतः कारीगर होते. त्यांनी मापं आणि आकृत्या अशा तपशिलाने दिल्या की वाचणाऱ्या दुसऱ्या कारीगराला ते यंत्र बनवता यावं. हुनर आणि इल्म त्यांनी वेगळ्या खोल्यांत ठेवले नव्हते.

आपल्या वस्त्यांमध्ये हुनर भरपूर आहे. मालेगाव-भिवंडीचा लूमवाला धाग्याला बोट लावून ताण सांगतो. जरदोजीचा उस्ताद कापडाच्या खालून धागा न बघता आरीत अडकवतो. गॅरेजमधल्या पोराला नट कुठपर्यंत आवळायचा आणि कुठे आटा जाईल, हे मनगटात कळतं. सॅलिसबरींच्या प्रयोगशाळेत हेच सेन्सर लावून मोजत होते. फरक इतकाच की आपल्या पोराला त्याचं गणित कुणी शिकवलं नाही, आणि वर्गात पहिल्या आलेल्या मुलीच्या हातात पाना कुणी दिला नाही.

वाटा बंद नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाने, म्हणजे २०२० च्या एनईपीने, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. आपल्या शाळेत ते दहा दिवस होतात का, हे विचारा. झाले तर लूमवाल्या अब्बूंना आणि शिवणकाम करणाऱ्या अम्मींनाच उस्ताद म्हणून वर्गात बोलवा. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. शाळेत लॅब आली, तर ती कुलपात राहू नये याकडे शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी लक्ष द्यावं.

आयटीआयला गेलेला मुलगा म्हणजे वाया गेला, हाही गैरसमज सोडायला हवा. अटी पूर्ण होत असतील तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. गॅरेजपासून प्रयोगशाळेपर्यंत जिना आहे, पण त्याची पहिली पायरी गणिताची आहे. दहावीपर्यंत गणित सुटलं तर पुढच्या पायऱ्या चढता येत नाहीत.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी दुकानात, लूमवर, मशीनवर हात चालवत असेल तर चालवू द्या, फक्त त्यासाठी शाळा बुडवू देऊ नका. संध्याकाळी एक प्रश्न विचारा: आज हाताला काय कळलं, आणि ते मोजता कसं येईल? उत्तर लगेच येणार नाही. ते शोधायला मूल वही घेऊन बसलं, की त्याच्या हुनराला गणिताची जोड मिळायला सुरुवात झाली असं समजा.