साडी पॉलिस्टरची, गुन्हा कुणाचा?

पॉलिस्टर घालू नका, हातमागाचे सुती कापड वापरा, असा उपदेश अलीकडे पर्यावरणवादी मंडळी करू लागली आहेत. त्यांनी दिलेले कारण खोटे नाही. पॉलिस्टर, नायलॉन, अॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. असा कपडा धुताना डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात आणि सांडपाण्याबरोबर नदीत जातात. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ साली हिशेब मांडला. सहा किलो अॅक्रिलिक कपडे मशीनमध्ये एकदा धुतले तर सात लाखांवर तंतू सुटतात, पॉलिस्टरचे असतील तर सुमारे पाच लाख. रोग खरा आहे. पण औषध कुणाच्या घशात ओतले जात आहे?

हिंजवडीचेच घ्या. मुळशी तालुक्यातल्या या गावात राजीव गांधी इन्फोटेक पार्क आला आणि शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. तिथे व्यायामाचे, धावण्याचे, थंडीचे पॉलिस्टरचे कपडे वॉशिंग मशीनमध्ये फिरत असतात. त्याच फ्लॅटमध्ये धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईच्या अंगावरही पॉलिस्टरचीच साडी असते, पण ती हौस म्हणून नव्हे. ती स्वस्त पडते, लवकर वाळते, इस्त्री मागत नाही. घरी ती साडी हाताने धुतली जाते आणि हाताने धुतलेल्या पॉलिस्टरमधून मशीनपेक्षा कितीतरी कमी तंतू सुटतात, असे चीनमधील संशोधकांना २०२३ साली आढळले. मग उपदेश आधी कुणाला करायचा?

कपड्यांबद्दलचे हुकूम आपल्या समाजाला नवे नाहीत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची रीत सोडा, स्वच्छ राहा. स्वच्छ, नीटनेटका कपडा आमच्याकडे चळवळीतून आला आहे. महागडी हातमागाची साडी सुचवणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसावा.

मैलाशुद्धीकरण केंद्रात बरेच तंतू अडतात, पण अडतात म्हणजे गाळात बसतात. तो गाळ उपसणारे हात कुणाचे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गाळ खत म्हणून शेतात गेला की तंतू मातीत. उरलेले मुळेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि पुढे उजनी धरणात. उजनीचे पाणी सोलापूर पिते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या समाजाने आता पाण्यात काय मिसळते, हेही विचारले पाहिजे.

फ्रान्सने २०२० च्या कायद्यात २०२५ पासूनच्या नव्या वॉशिंग मशीनला तंतू अडवणारी जाळी बसवण्याची तरतूद केली. आपल्याकडे कंपन्यांवर असे बंधन नाही. ते घालावे, खर्च कंपन्यांनी सोसावा. मशीन पूर्ण भरून, थंड पाण्यात लावणे तर सोसायट्यांना उद्यापासून जमेल. जाळीत साठलेला लगदा मोरीत धुऊन टाकला तर सगळे व्यर्थ, तो कचऱ्यातच गेला पाहिजे. आणि तो कचरा उचलणाऱ्या बाईची वाढीव मजुरी कोण देणार, हेही त्याच कायद्यात लिहून घ्यावे.