सरावातही कान मोकळे हवेत
ट्रायथलॉनच्या शर्यतीत इअरफोनला बंदी आहे. 2019 साली गोव्यात सुरू झालेल्या आयर्नमॅन 70.3 मध्ये 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे हे सारे गाण्याविनाच पार पाडावे लागते. मग सरावाला वेगळा न्याय कशाला? आमच्या येडशी गावात तर मुळीच नको. इथे सोलापूर-धुळे महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता एकमेकांना भेटतात, आणि मागून येणारा ट्रक सायकलस्वाराला दिसण्याआधी ऐकू येतो. एकाच कानात इअरफोन घालतो, असे काही जण सांगतात. पण आवाजाची दिशा ओळखायला दोन्ही कान लागतात.

संगीताने श्रम कमी जाणवतात, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. ब्रिटनमधील ब्रुनेल विद्यापीठाचे कोस्टास कराजिओर्गिस यांनी तसे संशोधनातून दाखवले आहे. तरीही व्यायामाचा जोर फार वाढला की हा परिणाम ओसरतो, हेही त्याच संशोधनातले आहे. शर्यतीत कस लागतो तो नेमका तिथे. त्या वेळी आपला श्वास आणि पावलांची लय ऐकून वेग सांभाळता यायला हवा, आणि ती सवय येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटात सराव करतानाच लागते. घरात ट्रेनरवर सायकल चालवताना गाणी खुशाल ऐकावीत. तिथे मागून कुणी येत नाही.