कर्व्यांचा खटला मराठीच्या वर्गात का नाही?

मराठीच्या विभागांनी एक सोयीस्कर वाटणी करून ठेवली आहे. र. धों. कर्वे समाजसुधारकांच्या रांगेत, त्यांच्यावरचा खटला कायद्याच्या अभ्यासकांकडे, समलैंगिकता मानसशास्त्राकडे. मराठीच्या वाट्याला उरते ते शैलीविशेष आणि वाङ्मयप्रकारांचे वर्गीकरण. आम्ही एम. ए. झालो तेव्हा कर्वे आम्हांला संततिनियमनाच्या एका ओळीत भेटले होते. आज आम्ही शिकवतो, तरी ती ओळ फारशी लांबलेली नाही. ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार आणि नोकरी यांतले एक निवडण्याची वेळ आली तेव्हा, १९२५ साली, त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. म्हणजे प्राध्यापकी गेली, अध्यापन चालूच राहिले. त्या मासिकातली वाचकांची प्रश्नोत्तरे वाचावीत. घरात, शाळेत, वैद्यासमोर जे विचारता येत नव्हते ते लोक तिथे विचारत, आणि कर्वे त्यांना न लाजवता, न उपदेशता, गणिताच्या मास्तरासारखे नेमके उत्तर देत. मराठी गद्याच्या इतिहासात या उत्तरांना जागा नसेल तर तो इतिहास अपुरा आहे. (कर्व्यांची सगळीच मते आज टिकतील असा आमचा दावा नाही, ती तशी टिकावीत अशी अपेक्षाही आपण आगरकरांकडून करत नाही.)

१९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल कर्व्यांना दंड झाला होता. १९३४चा खटला मात्र या प्रश्नोत्तरांवरच होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारले आणि संपादकाने उत्तर दिले, हा गुन्हा. बचावाचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. असल्या विकृत प्रश्नांना उत्तरे देण्याचे कारणच काय, असा न्यायालयाचा रोख होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, विकृती असली तरी ती ज्ञानानेच जाईल, आणि उत्तरच दिले नाही तर ज्ञान यायचे कोठून? हॅवेलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन, ज्यांची ओढ निसर्गतःच तशी आहे त्यांचे काही चुकते असे मानू नये, इथपर्यंत त्यांनी युक्तिवाद नेला. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आता ‘साहित्याच्या वर्गात कायदा कशाला?’ हा नेहमीचा आक्षेप. अश्लीलतेचा कायदा मुळात वाचकाविषयीचा सिद्धान्त आहे. इंग्लंडमधल्या १८६८च्या हिकलिन खटल्यातली कसोटी अशी की, ज्यांचे मन बिघडू शकते अशांच्या हाती पुस्तक पडले तर काय होईल ते पाहावे. म्हणजे सगळ्यांत दुबळा वाचक कल्पायचा आणि त्याच्या मापाने लेखकाला तोलायचे. भारतात ती कसोटी सर्वोच्च न्यायालयाने बाजूला सारली ती थेट २०१४ साली. आपण वाचक-प्रतिसाद सिद्धान्ताच्या तासाला इझर आणि फिश शिकवतो. मराठी वाचकाची ही सरकारी प्रतिमा मात्र विद्यार्थ्यांना दाखवत नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा याच कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६९ साली सुटली. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या गांधींवरील कवितेचा खटला तर आमच्या शेजारी लातूरच्याच न्यायालयातून वर गेला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाला मोकळे केले आणि कवीला खटल्याला सामोरे जायला सांगितले. मराठीच्या विद्यार्थ्याने हे वकिलांकडून ऐकावे काय?

दुसरा आक्षेप अधिक आपुलकीने केला जातो: हे शहरी विषय, आपल्या खेड्यांतल्या मुलांत असे कोणी नसते. सास्तूरला राहून हे ऐकताना आम्हांला वेगळेच आठवते. ३० सप्टेंबर १९९३ पूर्वी भूकंपाच्या नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. मोठ्या धक्क्याची नोंद हाताशी नव्हती, म्हणून धोका नाही असे धरले गेले. लोहारा-उमरग्याकडून येणाऱ्या मुलांविषयी आपण हाच नकाशा वापरतो. कोणी विचारले नाही, म्हणून कोणी नाही. विचारायची सोय आपण ठेवली होती काय, हे मात्र तपासत नाही. १९३४च्या मराठी वाचकाला एक पत्ता तरी होता.

आणि मौनाची किंमत काय असते हे आपल्याच विषयाच्या एका माणसाने मोजली आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, कवी होते, ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा संग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण झाले आणि निलंबित केले गेले ते त्यांनाच. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांना कलम ३७७मधून वगळून तेव्हा वर्षही झाले नव्हते. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली; ७ एप्रिलला ते घरी मृतावस्थेत सापडले. पुढे २०१३ साली दिल्लीचा निकाल उलटला, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेच तो पुन्हा सावरला. सिरसांवर हिंदी चित्रपट निघाला. त्यांच्या कवितेवर मराठीच्या किती चर्चासत्रांत निबंध वाचले गेले, हे वाचकांनी आपापल्या विभागात आठवून पाहावे.

आमच्या मराठवाड्यातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव आहे. त्या नावासाठी सोळा वर्षे लढा झाला, माणसे मेली. त्यांचा १९३४चा युक्तिवाद तिथल्या मराठीच्या वर्गात अपरिचित राहावा, हे आम्हांला लाजिरवाणे वाटते. अभ्यासमंडळाची वाट पाहण्याचेही कारण नाही. कर्व्यांचे लेखन अनंत देशमुख यांनी खंडरूपाने संपादित केलेले आहे. वैचारिक गद्याच्या घटकात आगरकरांनंतर दोन तासिका सहज निघतात; आम्ही येत्या सत्रात त्या घेणार आहोत, आणि पहिल्या तासिकेला फक्त प्रश्नोत्तरेच वाचणार आहोत.